समन्वित प्रकाश : नाथसागराच्या कारंज्यापासून संगणकाच्या कॅबिनेटपर्यंत

अनेक दिव्यांनी एकाच आज्ञेने, ठरलेल्या क्षणी आणि ठरलेल्या क्रमाने आपला रंग व तेजस्विता बदलणे, याला प्रकाशसमन्वयन असे म्हणता येईल. एकट्या दिव्याचा रंग बदलणे सोपे असते. शंभर दिवे, शंभर ठिकाणी बसवलेले आणि निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेले, एका लयीत बदलायचे झाले की खरे प्रश्न उभे राहतात. कोणी कोणाचे ऐकायचे, आज्ञा कोणत्या भाषेत द्यायची आणि ती प्रत्येकाकडे किती वेळात पोहोचणार, असे हे प्रश्न आहेत. मराठी माणसाला या तंत्राची ओळख प्रामुख्याने तीन ठिकाणी होते : उद्यानातील संगीत कारंजे, गणेशोत्सवातील मंडपाची कमान आणि अलीकडे घराघरांतील तरुणांच्या टेबलावर झगमगणारा गेमिंग संगणक. तिन्ही ठिकाणचे शास्त्र एकच आहे. ते नीट उलगडते मात्र कारंज्यापाशी, म्हणून आरंभ पैठणपासून करणे इष्ट.

पैठणला आलेला यात्रेकरू संत एकनाथांच्या समाधीचे दर्शन घेतो, पैठणीचे माग पाहतो आणि मग धरणाकडे वळतो, हा क्रम मराठवाड्यातील शाळांच्या सहलींनी पक्का करून टाकला आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे १० किलोमीटर लांबीची भिंत आणि २७ दरवाजे असलेल्या या धरणाच्या जलाशयाला नाथसागर हे नाव मिळाले. धरणालगत संत ज्ञानेश्वर उद्यान उभे राहिले, ते म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर धरणाखालील वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर. सुमारे १२४ हेक्टरांच्या या विस्तीर्ण बागेतील संध्याकाळचे मुख्य आकर्षण म्हणजे संगीत कारंजे. पुढे उद्यानाला उतरती कळा लागली आणि कारंजीही बराच काळ बंद राहिली. तरीही छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, अहिल्यानगर या भागांतील एका पिढीने गाण्याच्या ठेक्यावर पाणी आणि दिवे एकत्र नाचताना पहिल्यांदा पाहिले ते पैठणलाच.

संगीत कारंजे हे तीन स्वतंत्र यंत्रणांचे संयुक्त कार्य आहे. पहिली यंत्रणा ध्वनीची, दुसरी पाण्याची आणि तिसरी प्रकाशाची. प्रेक्षकाला ती एकच वाटावी यासाठी पडद्यामागे जी खटपट चालते, तिचे मूळ तिन्हींच्या भिन्न वेगांत आहे. दिवा आज्ञा मिळताच उजळतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने जातो, त्यामुळे ध्वनिक्षेपकापासून १०० मीटरवर बसलेल्या माणसाला ठेका सुमारे ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. पाणी या दोघांपेक्षा फारच संथ. ५ मीटर उंच जाणारा झोत तोटीतून सेकंदाला जवळपास १० मीटर वेगाने सुटतो आणि गुरुत्वाकर्षणाने मंदावत शिखरावर पोहोचतो, तेव्हा एक पूर्ण सेकंद उलटलेला असतो. २० मीटरच्या झोताला दोन सेकंद लागतात. उंची चौपट झाली की वेळ दुप्पट होतो, असे हे प्रमाण आहे.

गाण्याची गती मिनिटाला १२० मात्रांची असेल, तर एक सेकंद म्हणजे दोन मात्रा. समेवर दिवा आणि पाणी यांना एकाच वेळी आज्ञा दिली, तर दिवा समेवर उजळेल आणि पाणी मात्र दोन मात्रा उलटल्यावर शिखर गाठेल. म्हणून कारंज्याची रचना बांधणारा तंत्रज्ञ पाण्याची आज्ञा आधी देतो. किती आधी, हे प्रत्येक तोटीच्या उंचीवर ठरते. त्यातही पंप पूर्ण वेगात येण्यास आणखी वेळ घेतो, त्यामुळे जलद ठेक्याच्या झोतांसाठी पंप अखंड चालू ठेवून विद्युतचुंबकी झडप उघडझाप करण्याची पद्धत रूढ झाली. संथ आलापाला झोत हळूहळू चढवायचा असल्यास पंपाच्या मोटारीला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलून तिची गती कमीजास्त करतात. समन्वय साधायचा म्हणजे सर्वांना एकाच क्षणी हाक मारायची, ही समजूत येथे टिकत नाही. ज्याला उशीर लागतो त्याला आधी हाक मारावी लागते, आणि त्यासाठी प्रत्येकाचा उशीर आधी माहीत असावा लागतो.

जुन्या पद्धतीच्या कारंज्यांत पाण्याखाली १२ व्होल्टवर चालणारे, ३०० वॉटपर्यंतचे मोठे दिवे बसवत आणि त्यांवर रंगीत काच असे. तांबड्या काचेचा दिवा तांबडाच राहणार, त्यामुळे चार रंग हवे असतील तर प्रत्येक झोताभोवती चार रंगांचे वेगवेगळे दिवे आणि त्यांची वेगवेगळी जोडणी करावी लागे. विद्युतदाब इतका कमी ठेवण्याचे कारण उघड आहे : पाण्यात वीज आणि माणूस यांची गाठ पडू शकते. आजही चांगल्या कारंज्यात पाण्याखालचे दिवे विलग रोहित्रावर आणि अल्प दाबावरच चालवले जातात.

संगीत आणि प्रकाश जुळवण्याच्या कल्पनेचा उगम कारंज्याहून जुना आहे. सुरांना रंगांची जोड देणारे वाद्य करता येईल, अशी मांडणी फ्रेंच धर्मगुरू लुई बर्त्राँ कास्तेल याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात केली. रशियन संगीतकार अलेक्सांद्र स्क्र्याबिन याने १९१० मध्ये पूर्ण केलेल्या ‘प्रोमेथियस’ या रचनेच्या स्वरलेखनातच प्रकाशासाठी स्वतंत्र ओळ लिहिली. १९५० च्या दशकारंभी जर्मनीत ओटो प्शिस्ताविक याची नाचरी कारंजी गाजली आणि १९५३ मध्ये ती न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पोहोचली. या कारंज्यांचे नियंत्रण प्रारंभी माणूसच करी. पियानोच्या पट्ट्यांसारख्या कळींसमोर बसून तो संगीत ऐकत ऐकत पाणी आणि दिवे ‘वाजवी’. अशा कारंज्यात समन्वयक हा वादकच होता, आणि पाण्याचा उशीर त्याच्या बोटांत मुरलेला असे.

माणसाची जागा यंत्राने घेतली तेव्हा भाषेचा प्रश्न आला. १९७० आणि १९८० च्या दशकांत रंगमंचावरील दिव्यांचा प्रत्येक उत्पादक आपापली संकेतपद्धती वापरत असे. एकाचे नियंत्रणफलक आणि दुसऱ्याचे दिवे यांचे जमत नसे. अमेरिकेतील रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ मध्ये एक सामाईक प्रमाण ठरवले. डीएमएक्स ५१२ या नावाने ते जगभर रूढ झाले. एका तारेवर ५१२ वाहिन्या, प्रत्येक वाहिनीवर ० ते २५५ यांमधील एक संख्या, एवढेच त्याचे स्वरूप. सेकंदाला अडीच लाख द्विमान अंक (बिट) वाहून नेणाऱ्या या तारेवर सर्व वाहिन्यांची एक पूर्ण फेरी सुमारे २३ सहस्रांश सेकंदांत होते, म्हणजे सेकंदात साधारण ४४ फेऱ्या. तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन वाहिन्या एका दिव्याला दिल्या, तर एका तारेवर १७० दिवे बसतात. तारेवरचा प्रत्येक दिवा सगळ्या संख्या ऐकतो आणि आपल्या पत्त्यावरच्या तेवढ्या उचलतो. आजची बहुतेक मोठी कारंजी, नाट्यगृहे आणि वरातीतील शार्पी दिवेसुद्धा हीच भाषा बोलतात. इतकी साधी योजना जवळपास चार दशके टिकावी, हे तिच्या कर्त्यांच्या संयमाचे फळ आहे असे मला वाटते. त्यांनी तिच्यात गरजेपेक्षा जास्त काहीच घातले नाही.

रंगीत काच मागे पडली ती प्रकाश-उत्सर्जक डायोडमुळे, म्हणजे एलईडीमुळे. दृश्य तांबडा प्रकाश देणारा एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार केला. हिरवाही लवकरच आला. निळ्याने मात्र तीन दशके वाट पाहायला लावली. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या प्रयत्नांनी १९९० च्या दशकारंभी तेजस्वी निळा एलईडी साध्य झाला आणि त्याबद्दल या तिघांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. तीन प्राथमिक रंग हाती आल्यावर एकाच बिंदूतून हवा तो रंग काढता येऊ लागला. प्रत्येक रंगाच्या तेजस्वितेच्या २५६ पायऱ्या धरल्या, तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ मिश्रणे होतात. डोळ्याला त्यांतील सगळी वेगळी ओळखू येत नाहीत, ही गोष्ट जाहिरातीत सहसा सांगत नाहीत.

दुसरी क्रांती त्याहून लहान आकाराची होती. एलईडीच्या जोडीला एक सूक्ष्म नियंत्रक बसवण्यात आला. पुढे तर ५ मिलिमीटर लांबीरुंदीच्या एलईडीच्या पोटातच तो बसू लागला. याला पत्तेदार एलईडी म्हणतात खरे, पण त्याला पत्ता नसतो, क्रम असतो. दिव्यांच्या माळेत एका टोकाने संख्यांचा प्रवाह सोडला जातो. पहिला दिवा पहिल्या २४ द्विमान अंकांवरून आपला रंग ठरवतो आणि उरलेला प्रवाह पुढे सोडतो. दुसरा दिवा त्यांतील पहिले २४ घेतो, आणि असे शेवटपर्यंत चालते. एका दिव्याच्या वाट्याला सेकंदाचे अवघे ३० दशलक्षांश येतात, म्हणजे १०० दिव्यांची माळ ३ सहस्रांश सेकंदांत पूर्ण सांगून होते.

गणपतीच्या मंडपापुढे मोर पिसारा फुलवतो, चक्र फिरते, देवाचे नाव अक्षराअक्षराने उमटते, ती पिक्सेल एलईडीची कमान म्हणजे हीच माळ. डेकोरेशनवाला फळीला भोके पाडून त्यांत मागून एकेक दिवा दाबून बसवतो. मागच्या बाजूला तळहाताएवढी नियंत्रक डबी असते आणि तिच्यात मेमरी कार्ड. संपूर्ण चित्रमालिका त्या कार्डात आधीच भरलेली असते. क्रमाच्या पद्धतीचे सगळे गुणदोष तिथे उघडे दिसतात. तारा कमी लागतात, खर्च कमी येतो, पण मधला एक दिवा बिघडला की त्याच्या पुढचे सगळे आंधळे होतात. ते लुकलुकतात, अडकतात किंवा विझतात. अनुभवी कारागीर शिडीवर चढतो, कुठपर्यंत चित्र शाबूत आहे ते पाहतो, तिथला दिवा कापतो, नवा जोडतो आणि कमान पुन्हा चालू होते. डीएमएक्सच्या पत्तापद्धतीत हा प्रसंग सहसा येत नाही, कारण तिथे एका दिव्याच्या निकामी होण्याने शेजाऱ्याचे ऐकणे थांबत नाही.

समन्वित प्रकाशाचे वर्गीकरण करायचे झाल्यास या दोन पद्धती, म्हणजे पत्तापद्धती आणि क्रमपद्धती, हा पहिला भेद होय. दुसरा भेद परिणामाचा आहे. प्रत्येक दिव्याला ठरलेला रंग देऊन तो तसाच ठेवणे हे स्थिर समन्वयन. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास महाराष्ट्रातील धरणांच्या दरवाजांवर टाकला जाणारा तिरंगी प्रकाश या प्रकारात मोडतो. दिवे अनेक असतात, वेळेचा प्रश्न मात्र जवळजवळ नसतो. सर्वांनी मिळून एकदम बदलणे हे एककालिक समन्वयन. रंगाची लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणे हे प्रवाही समन्वयन, आणि त्यात प्रत्येक दिवा कुठे आहे हे नियंत्रकाला कळावे लागते. संगीत, तापमान किंवा खेळातील प्रसंग अशा बाहेरच्या घटनेनुसार बदलणे हे प्रतिसादी समन्वयन. कारंजे शेवटच्या दोहोंचा मेळ घालते, आणि गेमिंग संगणकाकडून त्याच्या मालकाची अपेक्षाही तीच असते.

हा संगणक म्हणजे पारदर्शक काचेची एक बाजू असलेले कॅबिनेट. त्यात मदरबोर्ड, स्मृतिपट्ट्या म्हणजे रॅम, आलेखपत्र म्हणजे ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर थंड ठेवणारा पंप आणि सहा-सात पंखे, आणि बाहेर कळफलक, माउस, हेडफोन व टेबलाखालची दिव्यांची पट्टी. प्रत्येकात रंगीत दिवे असतात. प्रत्येकाकडे आज्ञा पोहोचण्याचा मार्ग मात्र वेगळा आहे, आणि घोटाळा होतो तो इथे.

पंखे आणि पट्ट्या मदरबोर्डवरील दोन प्रकारच्या जोडांवर लागतात. जुना जोड चार टोकांचा आणि १२ व्होल्टचा. त्यावरची संपूर्ण पट्टी एकाच रंगात उजळते, लाट उठवता येत नाही. नवा जोड ५ व्होल्टचा. त्यातही जागा चारच, पण तिसऱ्या जागी टोक नसते. पट्टीच्या जोडातही तीच जागा बंद असल्याने तो उलटा किंवा भलत्या ठिकाणी बसू नये, अशी ही योजना आहे. तरीही बाजारात चार छिद्रांचे सैल जोड मिळतात, आणि ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या जोडावर गेली की तिचे दिवे क्षणात जळतात. संगणक जोडून देणाऱ्या दुकानात ही चूक एकदा झालेली असते, त्यानंतर सहसा होत नाही. मदरबोर्डवर जोडाशेजारी दाब छापलेला असतो, तो टॉर्च मारून वाचावा.

स्मृतिपट्ट्यांना वेगळी तार नसते. मदरबोर्डवर किरकोळ माहितीची देवाणघेवाण करणारी एक संथ दुतारी वाहिनी आहे, तिच्यावरूनच त्यांच्या दिव्यांना आज्ञा जातात. याच वाहिनीवर स्मृतिपट्टीची ओळख, म्हणजे तिची क्षमता आणि वेग नोंदवलेली चिप, बसलेली असते. दिव्यासाठी लिहिलेला संदेश चुकून तिच्या पत्त्यावर गेला, तर ती नोंद बिघडून संगणक सुरू होणेच बंद होऊ शकते. कळफलक, माउस आणि हेडफोन यूएसबीच्या मार्गाने बोलतात. थोडक्यात, पंखे क्रमपद्धतीचे, बाकीचे पत्तापद्धतीचे, आणि वेग तिघांचे तीन. कारंज्यातील ध्वनी, पाणी आणि प्रकाश यांच्याइतके अंतर त्यांच्यात नसते, पण पंख्यावरची लाट रॅमवर पोहोचताना अडखळते ती याच कारणाने.

या सर्वांना एकत्र आणणारी आज्ञावली प्रत्येक उत्पादकाने स्वतंत्र काढली. असूसची ऑरा सिंक, एमएसआयची मिस्टिक लाइट, गिगाबाइटची आरजीबी फ्युजन, एएसरॉकची पॉलिक्रोम, कोर्सेअरची आयक्यू, रेझरची क्रोमा. रंगमंचाने १९८६ मध्ये जो प्रश्न सोडवून ठेवला होता, तो संगणक-उद्योगाने पुन्हा नव्याने निर्माण केला, आणि यात अज्ञानापेक्षा हिशेब अधिक होता. एकाचे पंखे घेतले की कळफलकही त्याचाच घ्यावा, ही त्यामागची इच्छा. दोन कंपन्यांच्या आज्ञावल्या एकाच वेळी चालू असल्या की दोघी एकाच दिव्याला वेगवेगळे रंग सांगतात आणि दिवा चमकत-विझत राहतो. यावर साधा उपाय असा की एका वेळी एकच समन्वयक ठेवावा आणि बाकीच्या आज्ञावल्या काढून टाकाव्यात. ओपनआरजीबी ही मुक्त आज्ञावली निरनिराळ्या उत्पादकांच्या साधनांना एका ठिकाणाहून आज्ञा देते. ती स्वयंसेवकांनी साधनांचे संदेश एकेक करून समजून घेत उभी केली आहे.

२०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये गतिमान प्रकाशाची सोय अंतर्भूत केली. तिच्या मुळाशी यूएसबी साधनांसाठी ठरवलेले एक खुले प्रमाण आहे, आणि ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. या प्रमाणानुसार साधन संगणकाला आपल्या दिव्यांची केवळ संख्या सांगत नाही. प्रत्येक दिव्याचे लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांतील स्थान ते कळवते, तेही मिलिमीटरच्या सहस्रांशांत. त्याखेरीज, आज्ञा मिळाल्यापासून दिवा प्रत्यक्ष बदलेपर्यंत किती दशलक्षांश सेकंद लागतात, हेही ते सांगते. कारंज्याचा तंत्रज्ञ जे घड्याळ लावून मोजतो, ते इथे साधन स्वतः होऊन नोंदवते. अर्थात हे प्रमाण पाळणारी साधने अजून मुख्यतः कळफलक आणि माउस यांच्या वर्गातील आहेत, आणि जुनी साधने त्याबाहेरच राहतात.

वेळ जुळली तरी रंग जुळतोच असे नाही. तिन्ही रंग पूर्ण तेजाने लावल्यावर एका पंख्यातून निळसर पांढरा आणि शेजारच्या पट्टीतून गुलाबीसर पांढरा प्रकाश निघतो. दोघांना पाठवलेली संख्या एकच असते, पण एलईडीच्या निरनिराळ्या उत्पादनसंचांत तरंगलांबी आणि तेज थोडे वेगळे उतरते. चांगल्या आज्ञावलीत प्रत्येक साधनाचा तांबडा, हिरवा आणि निळा वेगळा कमीजास्त करता येतो. पांढऱ्या कागदावर दोन्ही प्रकाश शेजारी पाडून ही जुळणी करावी. गडद रंग निवडल्यास फरक जाणवत नाही, पांढरा निवडल्यास तो लपत नाही.

विजेचा हिशेबही ठेवावा लागतो. पूर्ण पांढऱ्या रंगात असा एक दिवा ६० सहस्रांश अँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकतो, आणि मदरबोर्डवरील ५ व्होल्टचा जोड साधारणतः ३ अँपिअर देतो. भागाकार केल्यास ५० दिवे येतात. त्यापुढे जायचे असल्यास वितरक, ज्याला दुकानात हब म्हणतात, तो वापरतात. तो संदेश मदरबोर्डकडून घेतो आणि वीज थेट पॉवर सप्लायकडून.

या प्रकाशाचे उपयोग शोभेपुरते नाहीत. प्रोसेसरचे तापमान वाढताच पंख्यांचा रंग निळ्याकडून तांबड्याकडे नेता येतो, आणि मग आकडे न वाचताही यंत्राची स्थिती कळते. खेळात जीवनशक्ती घटली की कळफलकाची एक ओळ विझत जाते, किंवा त्या क्षणी उपयोगी पडणाऱ्या तेवढ्याच कळी उजळतात. ध्वनिचित्र-संकलन करणारे लोक आज्ञांच्या गटांनुसार कळफलक रंगवून ठेवतात.

नाथसागराकाठी मात्र उपयोगाबरोबर मर्यादेचाही विचार करणे भाग आहे. जायकवाडीचा जलाशय आणि परिसर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि हिवाळ्यात रोहित तसेच अन्य स्थलांतरित पक्षी तिथे उतरतात. रात्रीच्या कृत्रिम प्रकाशाने स्थलांतरित पक्ष्यांची दिशाभूल होते, हे अनेक ठिकाणच्या निरीक्षणांतून सिद्ध झाले आहे. त्यामुळे उद्यानातील कारंज्याची प्रकाशयोजना नव्याने आखताना झोतांचा रोख पाण्यापुरता आणि खाली ठेवणे, जलाशयाच्या बाजूचे दिवे स्वतंत्र पत्त्यांवर घेणे आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात खेळ संपताच त्यांना शून्याची आज्ञा जाईल अशी वेळ नियंत्रकातच बांधून टाकणे आवश्यक ठरते. डीएमएक्सच्या तारेवर हे काम प्रत्येक दिव्यामागे तीन वाहिन्यांत तीन शून्ये लिहिण्याइतके सोपे आहे.